पबमधलं व्याख्यान आणि परत फिरलेला राजपुत्र

डर्बीला राहायला आल्यापासून एक नवीन नाद लागलाय, पबमधली इतिहासाची व्याख्यानं. वरच्या मजल्यावरची खोली, वीसेक म्हातारेकोतारे, हातात बिअर आणि नेमका अडकणारा प्रोजेक्टर.

परवाचा विषय अर्थातच १७४५. ब्रिटनच्या गादीवर आपल्या घराण्याचा हक्क सांगणारा स्टुअर्ट राजपुत्र बॉनी प्रिन्स चार्ली स्कॉटलंडहून ५-६ हजार लोक घेऊन ४ डिसेंबरला इथे पोचला, लंडन साधारण २०० किमी राहिलेलं, आणि दुसऱ्याच दिवशी एक्सेटर हाऊसमधल्या बैठकीत लॉर्ड जॉर्ज मरे वगैरे त्याचेच सरदार म्हणाले बास, मागे फिरा, कारण इंग्लंडात फारसं कोणी येऊन मिळालं नाही, मदतीला येणाऱ्या फ्रेंचांचा पत्ता नाही, वर डडली ब्रॅडस्ट्रीट नावाच्या सरकारी हेराने थाप मारली की नॉर्दॅम्प्टनला अजून एक फौज उभी आहे. तिथे काळं कुत्रं नव्हतं!

मग १६ एप्रिल १७४६ ला स्कॉटलंडात कलोडनच्या लढाईत तासाभरात त्याचा खेळ खल्लास.

शेजारच्या आजोबांनी बिअरमॅटचा स्वार्कस्टन पूल (डर्बीच्या दक्षिणेला, लंडनच्या वाटेवरचा) केला, क्रिस्प म्हणजे राजाचा मुलगा ड्यूक ऑफ कंबरलंडची सरकारी फौज. "पुढे गेला असता तर लंडन पडलं असतं." समोरच्या बाईंनी शांतपणे कंबरलंड खाऊन टाकला.

मला आपली मराठे-इंग्रजांची वडगावची लढाई आठवत होती. जानेवारी १७७९, इंग्रज तळेगावपर्यंत आले आणि पुणं जवळ असताना तोफा तळ्यात ढकलून माघारी. सांगितलं तर कोणाला माहितीच नाही! आता म्हणतायत पुढच्या वेळी तूच बोल. बोलेन हो, पण यांना 'इष्टुर फाकडा' (त्या मोहिमेतल्या कॅप्टन स्टुअर्टचं मराठी टोपणनाव) म्हणायला कसं शिकवू?