राहत, रूह आणि रेहान

गझलेच्या नादी लागलेली मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. मी अरबी शिकवतो हे कळलं की चहा येण्याआधी तो येतो: “सर, राहत आणि रूह या शब्दांचं एकमेकांशी काही नातं आहे का हो?” हल्ली त्यात नव्या आईबापांची भर पडली आहे. त्यांना ‘रेहान’ हवा असतो, आणि त्याचा अर्थ इंटरनेटवर दर पानाला वेगळा सापडलेला असतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

नातं आहे. तिन्ही शब्द एकाच धातूतले. अरबी धातू बहुधा तीन अक्षरांचा, आणि याची अक्षरं रा, वाव, हा. यातला ‘ह’ मात्र आपला नव्हे. अरबीत ह दोन आहेत, आणि हा आरशावर वाफ सोडताना येतो तसा घशाच्या मधल्या भागातून येतो. फारसीतला ‘राह’, म्हणजे वाट, या घरातला नाही, कारण त्याचा ह दुसरा. आणि ‘पाव्हणं, आज राहा की’ यातला राहा तर मुळीच नाही. अरबीत ‘राहा’ (उर्दूतला राहत तो हाच) म्हणजे विश्रांती हे कळल्यावर विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात. त्यांना तिथेच थांबवावं लागतं, कारण तो निव्वळ योगायोग आहे.

आता खरी गंमत. ‘राहा’ म्हणजे विश्रांती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे थांबणं येतं, पाठ टेकणं येतं. हा धातू थांबण्याचा नाहीच. तो हलत्या हवेचा आहे. दहाव्या शतकात इब्न फारिस नावाचा भाषापंडित होऊन गेला. इराणातल्या रय्य शहरात, आजच्या तेहरानजवळ, तो 1004 च्या सुमाराला वारला. प्रत्येक धातूचा गाभा एका-दोन वाक्यांत पकडायचा त्याला छंद होता. या धातूबद्दल तो म्हणतो की यात ऐसपैसपणा आहे, मोकळीक आहे, आणि या सगळ्याचं मूळ ‘रीह’ आहे. रीह म्हणजे वारा. शब्दकोशात रीह शोधताना नवखे लोक ‘रा, या, हा’ अशा धातूखाली बघतात आणि हात हलवत परत येतात. रीहमधली ‘ई’ ही मुळातला वावच आहे, आधीच्या इकाराने तिला ओढून घेतलेली. त्यामुळे रीह सापडतो तो रूहच्याच पानावर.

एकदा वारा पकडला की बाकीचे शब्द आपोआप जागेवर बसतात. रूह म्हणजे आत जाणारा-येणारा वारा. म्हणून रूहचं भाषांतर ‘आत्मा’ असं केलं की मला ते जरा कोरडं वाटतं, ‘प्राण’ जास्त जवळचा. आपल्या प्राणातही ‘अन्’, श्वास घेणं, हाच धातू आहे. ‘रौह’ म्हणजे झुळूक, आणि त्यावरून दिलासा. ‘राइहा’ म्हणजे वास, कारण वास वाऱ्यावरच येतो. ‘रैहान’ म्हणजे सुवासिक वनस्पती, रोजच्या बोलण्यात तुळशीच्या जातीतली ती सब्जाची. ‘मिरवहा’ म्हणजे पंखा, आणि त्याच्यावरून हेलिकॉप्टर झालं ‘मिरवहिय्या’. तळहातालाही ‘राहा’च म्हणतात, त्याच्या पसरटपणामुळे. आणि जुन्या कवितेत ‘राह’ म्हणजे मद्य. त्याचं कारण सांगायला नकोच.

हे एकाच ठिकाणी बघायचं असेल तर कुराणातली यूसुफची सुरा, म्हणजे अध्याय, वाचावी. बापाने, याकूबने, मुलांना हरवलेल्या यूसुफच्या शोधाला धाडलंय आणि तो सांगतो, अल्लाहच्या ‘रौह’बद्दल निराश होऊ नका. ही आयत, म्हणजे ओळ, 87 वी. पुढे यूसुफचा सदरा घेऊन काफिला मिसरहून, म्हणजे इजिप्तहून, निघतो आणि इकडे, कितीतरी मुक्कामांच्या अंतरावर, म्हातारा याकूब म्हणतो, मला यूसुफचा ‘रीह’ येतोय, मला म्हातारचळ लागलाय असं म्हणू नका म्हणजे झालं. ही 94. मधे जेमतेम सहा आयती. पहिल्यांदा झुळूक दिलासा होऊन येते, दुसऱ्यांदा वास होऊन. भाषांतरात ही दोन वाक्यं एकमेकांना ओळखतही नाहीत.

वास आणि प्राण यांची ही जवळीक बघायला अरबस्तानात जायलाही नको. मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या अत्तरवाल्याकडे वाळ्याचं अत्तर मागा. तो विचारेल, अत्तर देऊ की रूह? चंदनाच्या तेलात उतरवलेलं ते अत्तर. नुसत्या वाळ्याचा, कशातही न मिसळलेला अर्क तो ‘रूह खस’. किमतीतला फरक ऐकून आपलाच प्राण थोडा वर-खाली होतो.

पण मला या कुळातला सगळ्यात आवडणारा शब्द ‘रवाह’. रवाह म्हणजे दुपार कलल्यानंतरची वेळ, आणि त्या वेळी निघणं, परतणं. इब्न फारिसचं म्हणणं असं की माध्यान्ह टळल्यावर बहुधा वारा सुटतो, म्हणून त्या वेळेचं हे नाव. ज्याने आखातातली दुपार अंगावर घेतली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे विश्रांती सावलीत मिळत नाही, सावलीसुद्धा भाजते. वारा आला तरच सुटका. दुबईच्या खाडीकाठच्या अल्‌-फहीदी भागात जुन्या घरांवर चौकोनी मनोरे दिसतात, चारी बाजूंनी उघडे. वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडायचा, एवढंच त्यांचं काम.

याच धातूतून गुरं संध्याकाळी घरी आणण्याचं क्रियापद होतं. कुराणाच्या सोळाव्या सुरेत गुराढोरांचं वर्णन आहे: संध्याकाळी तुम्ही त्यांना परत आणता तेव्हा आणि सकाळी चरायला सोडता तेव्हा त्यांत तुमच्यासाठी शोभा आहे. क्रम उलटा वाटतो ना? सकाळ आधी हवी. जुन्या भाष्यकारांनाही हे खटकलं होतं. त्यांचं उत्तर असं की संध्याकाळी गुरं पोट भरून, कास भरून येतात, तेव्हा ती जास्त देखणी दिसतात. गोठ्याशी उभं राहून ज्याने गुरांची वाट बघितली आहे त्याला हे पटेल.

पुढे बोलीभाषांनी यातली संध्याकाळ टाकून दिली आणि नुसतं ‘जाणं’ ठेवलं. आखातात ‘वेन राइह?’ म्हणजे ‘कुठे निघालास?’ आणि ‘रूह!’ म्हणजे ‘जा!’ प्राण आणि ‘चालता हो’ एकाच उच्चारात. आई मुलाला ‘या रूही’, माझ्या जिवा, म्हणते आणि थोड्या वेळाने त्याच मुलाला ‘रूह’ म्हणून दुकानात पिटाळते. सीरिया-लेबनॉनकडे तर हेच क्रियापद झिजून भविष्यकाळाची खूण झालं आहे: ‘रह अरूह’, मी जाणार आहे. मूळ विश्रांतीचं म्हणावं आणि एका वाक्यात दोनदा निघावं!

मी आखातात नोकरीच्या करारांची भाषांतरं करायचो, तिथे मात्र ‘राहा’ अगदी रुक्ष कपड्यांत भेटायची. ‘यौम राहा’ म्हणजे साप्ताहिक सुट्टी. सलग पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही, मधे एकूण किमान तासाभराची सुट्टी द्यावी लागते, हा संयुक्त अरब अमिरातीतला नियम. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, हाही. महामार्गावरचा थांबा म्हणजे ‘इस्तिराहा’. सौदीत शहराबाहेर कुटुंबकबिल्यासह रात्र घालवायला भाड्याने घेतात ते आवारही इस्तिराहाच. आणि शाळेच्या मैदानावर कवायतीत ‘इस्तइद! इस्तरिह!’ म्हणजे आपलं ‘सावधान! विश्राम!’ तुर्की सैन्यात तर सरळ ‘राहत!’ असाच हुकूम देतात.

रमजानातली ‘तरावीह’ आपल्याकडेही सगळ्यांच्या कानावर असते. हा ‘तरवीहा’चं अनेकवचन, आणि तरवीहा म्हणजे एक विसावा. रात्रीच्या त्या लांब नमाजात दर चार रकातींनंतर, म्हणजे नमाजाच्या आवर्तनांनंतर, बसून दम घ्यायचा, तो विसावा. रकाती आठ की वीस यावर जे वाद होतात त्यात मी शिरत नाही. मला नवल वाटतं ते नावाचं. नमाजाला नाव मिळालं ते तिच्या मधल्या विसाव्यांवरून. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, पैगंबर अजान देणाऱ्या बिलालला म्हणतात, “बिलाल, आम्हाला तिच्यामुळे विसावा दे.” तिच्यामुळे म्हणजे नमाजामुळे.

या कुळात सगळेच संत नाहीत. ‘मिरवहा’नेच 1827 मध्ये अल्जीयर्सचा राज्यकर्ता (‘दाय’) हुसेन याने फ्रेंच वाणिज्यदूत देवाल याला दरबारात मारलं. फ्रान्सने घेतलेल्या धान्याचे पैसे थकले होते, त्यावरून बोलाचाली झाली. त्या पंख्याच्या फटक्याचं निमित्त करून फ्रान्सने नाकेबंदी केली, 1830 मध्ये सैन्य उतरवलं आणि 1962 पर्यंत अल्जीरियावरची सत्ता सोडली नाही. अरबी इतिहासात याला ‘पंख्याची घटना’ असंच म्हणतात. आणि तुर्की मिठाई ‘लोकुम’ मुळात ‘राहत-उल्‌-हुलकूम’, गळ्याचा आराम. तुर्कांनी शेपटी ठेवली. रुमानियन लोकांनी डोकं ठेवलं, ते तिला ‘राहत’ म्हणतात. आणि त्यांच्याकडे राहत ही शिवीही आहे, शौचालयात पडून राहणाऱ्या वस्तूची.

मग थांबण्याची विश्रांती अरबीत नाही का? आहे, पण तिचं घर वेगळं: सीन, काफ, नून. त्यातून ‘सुकून’. व्याकरणात पाय मोडलेल्या अक्षरावरच्या खुणेलाही सुकूनच म्हणतात, आणि ते अक्षर ‘साकिन’, न हलणारं. ‘मस्कन’ म्हणजे घर. आपल्या जुन्या मराठी कागदांत नावापुढे ‘साकीन अमुक गाव’ येतं, तो हाच साकिन: एका जागी ठरलेला, राहणारा. ‘सिक्कीन’ म्हणजे सुरी हिलाही जुने कोशकार याच धातूत बसवतात, ती जनावराला कायमचं शांत करते म्हणून. ही व्युत्पत्ती ऐकायला झकास आहे, पण शब्द अरामाईक भाषेतून आलेला. ‘एका धातूत अख्खं तत्त्वज्ञान’ अशा पोस्टी तुम्ही मला पाठवता, तेव्हा मला ही सुरी आठवते.

गझलवाल्यांसाठी: शेरात ‘सुकून’ आला की काहीतरी थांबलंय, ‘राहत’ आली की काहीतरी सुटलंय, असं वाचून बघा. उर्दूत दोघांची इतकी सरमिसळ झालीय की दर वेळी जमणार नाही, पण जमतं तेव्हा शेर उघडतो.

आणि आईबापांसाठी: रेहान ठेवा खुशाल. अल्‌-बिरुनी या थोर विद्वानालाही अबू रैहान म्हणत, तेव्हा नावाला सोबत चांगली आहे. फक्त बारशाच्या पत्रिकेवर ‘अर्थ: ईश्वराचा संदेशवाहक’ असं काही छापू नका. सब्जा छापा. नाहीतर सुवास.