वीर्यतपासणीची डबी आणि काउंटरवरचा दीड तास

लग्नाला चार वर्षं होत आली तरी मूल नव्हतं. पहिलं दीड वर्ष तपासण्या झाल्या त्या फक्त बायकोच्या. सोनोग्राफी, थायरॉइड, अंड्यांचा साठा बघायची एएमएच, मग ट्यूब मोकळ्या आहेत का बघायची एचएसजी. ती करून बाहेर आल्यावर तिने माझा हात इतका आवळून धरला की अंगठीचा वळ उठला. तोवर माझी एकही तपासणी झाली नव्हती. कुणी सांगितली नाही, मीही विचारलं नाही. याची मला आजही लाज वाटते. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं, आणि पुरुषाच्या पहिल्या तपासणीला सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

शेवटी एका लॅबमध्ये गेलो. पंधरा-वीस माणसं बसलेली. काउंटरवरच्या मुलीने डबी पुढे केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सीमेनचं ना? मागे बाथरूम आहे." बाथरूम सगळ्यांचं एकच. कडी नीट लागत नव्हती, एका हाताने दार धरून ठेवावं लागत होतं. दोनदा कुणीतरी ठोठावलं. त्या गडबडीत सुरुवातीचे थेंब खाली सांडले. सगळ्यात जास्त शुक्राणू त्या सुरुवातीच्या भागातच असतात, हे मला नंतर कळलं. सांडलं तर लपवू नका, तसं लिहून द्या.

दहा वाजून वीस मिनिटांनी डबी काउंटरवर ठेवली. टेक्निशियन कुणाच्या तरी घरी रक्त घ्यायला गेला होता. डबी तिथेच, बिलांच्या गठ्ठ्याशेजारी, थेट एसीच्या झोताखाली. मी समोरच्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिलो. दोनदा उठून विचारलं. "होईल हो, बसा." ती उचलली गेली पावणेबारा वाजून गेल्यावर. नमुना तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा. गार पडला, वेळ गेला की शुक्राणूंची हालचाल मंदावत जाते. किती दिवस संबंध टाळले (२ ते ७ दिवस असावेत), अलीकडे ताप आला होता का, हे कुणी विचारलंच नाही. मला दीड महिन्यापूर्वी डेंग्यू होऊन गेला होता. शुक्राणू तयार व्हायला सत्तरच्या वर दिवस लागतात, त्यामुळे मोठ्या तापाचा परिणाम दोन-तीन महिने रिपोर्टमध्ये दिसतो.

रिपोर्ट आला: मिलीलीटरला ९ मिलियन (९० लाख) शुक्राणू, त्यातले हालचाल करणारे १० टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मापाप्रमाणे किमान १६ मिलियन आणि ४२ टक्के हवेत. तेवढ्या एका कागदावर एका डॉक्टरांनी थेट इक्सीचा, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्राणू सुईने अंड्यात सोडण्याच्या उपचाराचा, खर्च सांगितला. त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही.

तीन महिन्यांनी दुसरीकडे तपासलं. तिथे वेगळी खोली होती, आतून कडी होती, आणि डबी हातात घेताच त्या बाईंनी माझ्यासमोर लेबलावर वेळ लिहिली. इतक्या साध्या गोष्टीने माझे डोळे भरून आले. घर अर्ध्या तासाच्या आत असेल तर घरूनही नेता येतं. शर्टाच्या आत, अंगाच्या उबेला ठेवा. फ्रीजमध्ये नाही, गाडीच्या डॅशबोर्डवर नाही. थुंकी, तेल, क्रीम काही वापरू नका. या वेळी हालचाल ३४ टक्के आली, संख्या मात्र ११ मिलियनच. म्हणजे पहिल्या रिपोर्टवर विसंबण्यासारखं काही नव्हतं, पण दुखणं होतंच.

ते युरोलॉजिस्टनी दोन मिनिटांत शोधलं. उभं करून, जोर करायला लावून हाताने तपासलं: डावीकडे व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा. शिरांतल्या झडपा निकामी होऊन रक्त साठतं आणि वृषणाचं तापमान वाढतं. वृषण शरीराबाहेर असतात तेच त्यांना दोन-तीन अंश कमी तापमान लागतं म्हणून. मी शिरोलीला फाउंड्रीत भट्टीवर होतो, तेही त्यांनी विचारून घेतलं. मी साहेबांना सांगून मोल्डिंगला बदली घेतली. शुक्राणू तयार होण्याशी संबंधित हार्मोन्स, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन, नॉर्मल. दुर्बिणीतून शिरा बांधायचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी घरी.

जिमवाल्या पोरांसाठी एक राहिलंच: टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली की शरीर स्वतःचे शुक्राणू बनवणं थांबवतं. पुन्हा सुरू व्हायला कित्येक महिने जातात. आणि रिपोर्टमध्ये शून्य आलं तरी लगेच हात टेकू नका. कधी नळीत अडथळा असतो, वृषणात शुक्राणू असतात, ते सुईने काढून इक्सी करता येतं.

सहा महिन्यांनी माझा आकडा २३ मिलियन, हालचाल ४४ टक्के. बायकोची फाइल अजून माझ्या फाइलीच्या चौपट जाड आहे. पुढच्या महिन्यात आययूआय (धुतलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) आहे, आणि या वेळी दोघांनी सुट्टी टाकली आहे.