बारा वर्षांचा सेटर, कागदावर हेल्पर

नोकरी जाणार अशी कुणकुण लागली की माणूस पहिल्यांदा बायोडेटा करायला धावतो. २०१९ च्या पावसाळ्यात भोसरीत आमच्या ऑफिसखालच्या झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी त्यासाठी रांग लागायची. मी कारखान्यांचं आणि ठेकेदारांचं पीएफचं आणि ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या दवाखान्याच्या विम्याचं, काम करते. महिन्याच्या १५ तारखेच्या आत चलन भरायचं, नवी माणसं चढवायची, गेलेली उतरवायची. माझ्या अनुभवानं बायोडेटा ही अगदी शेवटची पायरी. त्याआधी, आपण केलेलं काम कुठल्या कागदावर उमटलंय की नाही हे बघावं. ज्या गृहस्थांमुळे मी हे प्रत्येकाला सांगत सुटते, त्यांची गोष्ट एकदा नीट लिहून काढायची होती.

त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली होती. एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे नवे बीएस-६ नियम येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलेलं, कर्ज मिळेना, मोठे कारखाने मधूनमधून उत्पादन बंद ठेवत होते. मोठ्यांनी दोन दिवस बंद ठेवलं की त्यांना सुटे भाग देणाऱ्यांकडे एक पाळी कमी होते, आणि त्या पाळीतला ठेकेदाराचा माणूस सगळ्यांत आधी घरी बसतो. ठेकेदारांकडून माझ्याकडे येणाऱ्या एक्सेलमध्ये 'लेफ्ट' लिहिलेल्या ओळी वाढत चालल्या होत्या. बातम्यांपेक्षा मला तिथंच मंदी आधी दिसते.

हे गृहस्थ गणपतीनंतरच्या एका शनिवारी आले. लातूरकडचे, चाळिशी ओलांडलेले. एका कारखान्यात २००७ पासून सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या, मशिनवर. अजून काढलेलं नव्हतं, पण आठवड्यातले तीनच दिवस काम मिळत होतं. "मॅडम, दिवाळीपर्यंत टिकलो तर टिकलो. आत्ताच तयारीला लागावं म्हणलं." पिशवीत सगळे कागद होते आणि वर खालच्या दुकानात केलेला ताजा बायोडेटा. त्यात इंग्रजीत 'चॅलेंजिंग पोझिशन' शोधत असल्याचं चार ओळींचं वाक्य होतं. ते काय म्हणतंय हे त्यांना वाचता येत नव्हतं. दुकानदारांनी हे थांबवावं असं मला मनापासून वाटतं. माणसाला स्वतःबद्दल काय लिहिलंय तेच कळत नसेल, तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला तो खाली मान घालतो.

त्यांना पीएफ काढून घ्यायचा होता. कारखान्यात सगळे तेच सांगत होते: काढ आणि हात मोकळा कर. तेव्हाच्या नियमानं नोकरी सुटल्यावर एका महिन्यानं ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेले काढता येत. मी म्हटलं, दादा, आधी खातं उघडून बघू.

खातं उघडलं तर एकूण नोकरी तीन वर्षांची.

१२ वर्षं एकाच छपराखाली, बहुतेक एकाच मशिनवर काढलेला माणूस, आणि कागदावर तीन. कारण साधं आहे आणि आमच्या भागात सर्रास आहे. कारखाना तोच, ठेकेदार तीन. पहिला २००७ ते २०११, दुसरा २०१६ पर्यंत, मग तिसरा. पहिल्याच्या वेळी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, नव्हताच. तो २०१४ मध्ये आला. त्यामुळे पहिली चार वर्षं जुन्या पीएफ नंबरावर पडून, कशालाच न जोडलेली. दुसऱ्या ठेकेदारानं यूएएन काढला. तिसऱ्याच्या कन्सल्टंटनं तो मागितला नाही, दुसराच नवा काढून दिला. जन्मतारखेची भानगड होती. शाळेच्या दाखल्यावर १ जून, गुरुजींनी घातलेली, आपल्याकडच्या लाखो लोकांची असते तशी. आधारवर फक्त जन्मवर्ष सांगितलेलं, म्हणून ती १ जानेवारी धरलेली. तारखा जुळेनात. तेव्हा त्या जुळवायच्या तर कामगार आणि मालक दोघांच्या सह्यांचा अर्ज करा, जुन्या ठेकेदाराला गाठा. त्यापेक्षा नवा नंबर काढणं दोन मिनिटांचं काम. माझ्याच व्यवसायातल्या लोकांबद्दल लिहिते आहे, तरी लिहिते: हा निव्वळ आळस आहे, आणि त्याची किंमत ज्याला हे काही माहीतच नाही तो माणूस मोजतो.

त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या ठेकेदारानं सोडल्याची तारीखच भरली नव्हती. म्हणजे कागदावर हे गृहस्थ तीन वर्षं एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करत होते. नव्या कंपनीनं पडताळणी केली असती तर यांनाच लबाड ठरवलं असतं. वर मधूनमधून रिकामे महिने. एका वर्षात २४० दिवस भरले की कायद्यानं सलग सेवा धरली जाते, म्हणून सात महिने झाले की ठेकेदार 'ब्रेक' देतात. ब्रेकच्या काळात हे कुठं होते? त्याच मशिनवर, रोखीनं.

पेन्शनचा हिशेब मांडला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. तिन्ही तुकडे सुटे ठेवले तर एकाचीही दहा होत नव्हती. जोडले, तर ब्रेक वगळून दहाच्या थोडी वर जात होती. नोकरी सुटताच त्यांनी पैसे काढायचा फॉर्म भरला असता, तर १२ वर्षांनंतर हाताशी आलेलं पेन्शन स्वतःच्या सहीनं सोडलं असतं. हे कारखान्याच्या गेटवर कुणी सांगत नाही.

मग पुरावे शोधायला बसलो. ईएसआयचं कार्ड निघालं आणि मला फार आनंद झाला. कामगार पीएफचा नंबर हरवतो, ईएसआयचा हरवत नाही, कारण दवाखान्यात तो लागतो. थोरल्या मुलीचा जन्म चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयातला, म्हणून नंबर घरात सगळ्यांना पाठ. तिन्ही ठेकेदारांकडे त्यांनी तोच दिला होता. ऑनलाइन नोंदी सुरू झाल्या तिथपासूनची वर्गणी एका सरळ रेषेत समोर आली, ब्रेकची भोकं सोडून. पहिल्या चार वर्षांसाठी दोन जुन्या पगारस्लिपा सापडल्या, त्यांच्यावर पीएफ नंबर. तेव्हाच्या, कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्याखालच्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की काम संपल्यावर ठेकेदारानं सेवेचा दाखला द्यायचा. यांच्या पिशवीत तसला एकही नव्हता, आणि इतक्या वर्षांत मला तो कुणाच्याही पिशवीत क्वचितच दिसलाय.

दुसऱ्या ठेकेदाराच्या कन्सल्टंटला फोन लावला. तो म्हणाला, पार्टीनं फी थकवलीय, मी हात लावणार नाही. तेव्हा सोडल्याची तारीख फक्त मालकच भरू शकायचा. कामगाराला स्वतः भरायची सोय त्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी २०२० मध्ये आली. मी थेट ठेकेदाराला गाठलं. तुमच्या नोंदीप्रमाणे हा माणूस अजून तुमच्याकडे कामावर आहे, तर मग तीन वर्षांचा पगार आणि चलनं कुठायत, एवढंच विचारलं. दोन दिवसांत तारीख भरली गेली. पहिल्या ठेकेदारानं धंदाच बंद केलेला. तिथं बँक मॅनेजरची साक्षांकित सही चालते, ती घेतली. यथावकाश तिन्ही तुकडे एका नंबराखाली आले. माझ्या कामात याहून जास्त समाधान देणारं दुसरं काही नाही.

हे सगळं मार्गी लागण्यासारखं होतं. त्या दिवशी अडलो ते हुद्द्यावर.

तिन्ही ठेकेदारांकडे ते 'हेल्पर', किमान वेतनाच्या भाषेत अकुशल. मी विचारलं, दादा, तुम्ही नक्की काय करता? आधी म्हणाले, "मशिन चालवतो." मी एकेक खोदून विचारत गेले. मशिनला फॅनक कंपनीचा कंट्रोल. नवा पार्ट लागला की तो पकडणारे सॉफ्ट जॉ स्वतः बोअर करून, म्हणजे पार्टच्या मापाला कापून, घेतात. टूल लावून ऑफसेट घेतात, म्हणजे टूलचं माप मशिनला देतात. ड्रॉइंग वाचतात. पहिला पीस काढून त्याचा बोअर, म्हणजे आतलं भोक, बोअर गेजनं मोजतात आणि क्वालिटीची सही झाल्यावरच मशिन ऑपरेटरच्या ताब्यात देतात. दहा-बारा मायक्रॉनमधला बोअर पाळीभर धरून ठेवतात. इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचं कापणारं पातं, कधी बदलायचा हे त्यांना कापण्याच्या आवाजावरून कळतं. शेजारच्या चार मशिनांवरची पोरं अडली की यांनाच हाक मारतात. सांगता सांगता ते टेबलावर पेन्सिलीनं जॉचं चित्र काढून दाखवायला लागले. आवाज बदलला होता.

याला सेटर म्हणतात. सेटर आणि हेल्परच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो फरक १२ वर्षं कुणाच्या तरी खिशात गेला.

त्यांनी विचारलं, "मग मी सेटर लिहू का? ते म्हणतील कागद दाखव. खोटं बोलतो म्हणतील." याचं सोपं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांचं खरं काम खोटं दिसत होतं आणि खोट्या कागदावर शिक्के होते. मी दुसऱ्या बाजूनं विचार केला तरी मला दिसेना की नव्या कंपनीच्या एचआरनं हे कसं ओळखायचं. त्यांच्यापुढे खरोखरच खोटे बायोडेटाही येतात.

पिशवीच्या तळाशी लॅमिनेशन केलेलं एक प्रमाणपत्र होतं. ते त्यांनी काढलंच नव्हतं, कारण त्याला ते कागद समजत नव्हते. कारखान्याच्या कायझेन, म्हणजे कामात सुधारणा सुचवण्याच्या, स्पर्धेचं. सेटिंगचा वेळ कमी केल्याबद्दल दुसरं बक्षीस, विभाग सीएनसी, त्यांचं नाव, खाली प्लांट हेडची सही. कारखान्यानं त्यांना कधी आपलं मानलं नाही, पण या एका कागदावर त्यांनी सेटिंग केल्याचं मान्य केलं होतं.

नवा बायोडेटा एका पानाचा केला. वरच्या भागात मशिन, कंट्रोल, पार्ट, मोजमापाची साधनं, सेटिंगमध्ये स्वतः काय काय करतात. खाली नोकरीचा तपशील, ठेकेदारांची नावं न लपवता आणि प्रत्येकापुढे प्रत्यक्ष कामाचा कारखाना. हुद्दा कागदावर आहे तोच लिहिला, समोर 'प्रत्यक्ष काम: सीएनसी सेटिंग'. सोबत कायझेनचं प्रमाणपत्र आणि ईएसआयच्या नोंदी. आणि शेवटची ओळ: मशिनवर चाचणी घ्यावी, तयार आहे. ही ओळ त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. आता अशा प्रत्येकाच्या बायोडेटात मी ती घालते. ज्याच्या हातात काम आहे त्यानं बोलण्याच्या मुलाखतीत अडकून पडू नये, लवकरात लवकर मशिनपाशी जावं.

डिसेंबरात चाकणकडच्या एका कारखान्यानं बोलावलं. चाचणी घेतली, पहिला पीस पास झाला. कंपनीच्या रोलवर घेत होते, ठेकेदार नाही. पत्रावर हुद्दा मात्र 'ऑपरेटर', कारण मागचे कागद बघता थेट सेटर देता येत नाही म्हणाले. त्यांनी तिथूनच फोन केला, "मॅडम, सही करू का?" जुन्या कारखान्यात तोवर काम जवळजवळ थांबलं होतं. मी म्हटलं, करा, आणि सहा महिन्यांनी कन्फर्मेशनला हुद्दा बदलून मागा.

मार्चमध्ये लॉकडाउन लागला. जूनमध्ये कन्फर्मेशन झालं तेव्हा निम्मी लाइन बंद होती आणि शेजारच्या शेडमधली माणसं कमी केली होती. "आत्ता काय मागायचं मॅडम," ते म्हणाले, आणि मीही आग्रह धरला नाही. अजून तिथंच आहेत. सेटिंग करतात, हुद्दा ऑपरेटर. त्या जूनमध्ये मी आग्रह धरायला हवा होता की नको, यावर माझं मन अजून ठरत नाही.