अकारविल्हे शब्द लावणं: पावसात दोरी, पानगळीत पानं

‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला विचारा, ‘न’ आधी की ‘ढ’? ते पुन्हा ‘क’पासून सुरू करतं. पाठांतर पक्कं असतं, पण मधूनच एखादं अक्षर उचलता येत नाही. म्हणून मी म्हणून घेणं कमी केलं आणि हातानं लावून घेणं वाढवलं. सामान त्या-त्या ऋतूचं.

आधी भिंतीवर आठ मोठी कार्डं ओळीनं लावायची: अ, क, च, ट, त, प, य, श. ही आठ घरं. ‘न’ हा ‘त’च्या घरातला, ‘ढ’ हा ‘ट’च्या घरातला, ‘ट’चं घर आधी, म्हणून ‘ढ’ आधी. स्वर सगळे ‘अ’च्या घरात, ‘क’ ते ‘प’ या घरांत पाच-पाच अक्षरं, ‘य’कडे चार आणि ‘श’कडे श, ष, स, ह, ळ. ङ, ञ, ण, ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, तेव्हा त्यांची शब्दकार्डं करत बसू नये.

पावसाळ्यात घरात कपडे वाळत घालतो तशी दोरी बांधायची, मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर. पुठ्ठ्याचे थेंब कापून त्यावर शब्द लिहायचे: गारा, चिखल, छत्री, ढग, पाऊस, बेडूक. सहा पुरेत. पहिल्याच फटक्यात सगळे हातात दिले की मुलं नुसती अदलाबदल करत राहतात. मी ‘गारा’ आणि ‘पाऊस’ आधीच लटकवून ठेवले आणि एकेक थेंब देत गेलो: आधी, मध्ये की नंतर? खरं शिकणं या ‘मध्ये’त आहे. दोरीला झोळ पडला तर चिमटे घसरून सगळे थेंब मधोमध गोळा होतात आणि लावलेला क्रम मोडतो. दर वितीवर एक गाठ मारली की चिमटा गाठीपाशी अडतो.

इथली नेहमीची चूक ‘चिखल’ची. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते, त्यामुळे मूल ‘इ’ आधी धरतं आणि शब्द स्वरांच्या घरात नेतं. ओरडून उपयोग नाही, डोळ्यांना तसंच दिसतं. थेंबावर फक्त ‘च’ लाल रंगानं लिहावा, वेलांटी काळी. घ-ध, भ-म यांत गोंधळ असेल तर ती क्रमाची चूक नाही, वाचनाची आहे. ते अक्षर आधी वाचून घ्यावं, मग लावायला द्यावं.

पानगळीत वाळकी पानं. ताजं पान दोन दिवसांत वळतं, म्हणून जुन्या वर्तमानपत्रांत घालून वर जड पुस्तकं ठेवून आठवडाभर दाबायचं. गुळगुळीत पानावर स्केचपेनची शाई धरत नाही, बोटाला लागते. शब्द चिठ्ठीवर लिहून चिकटवावा, आणि डिंक बेतानं, नाहीतर चिठ्ठीला सुरकुत्या पडतात. पहिलं अक्षर सारखं असलेले शब्द आता घ्यायचे. ‘पान’ आणि ‘पाऊस’ मुद्दाम शेजारी ठेवावेत: ‘पा’ दोन्हींत आहे, मग पुढे ‘ऊ’ आणि ‘न’. स्वर व्यंजनाच्या आधी, म्हणून ‘पाऊस’ आधी. इथे बहुतेक मुलं अडतात, कारण दुसऱ्या अक्षरापर्यंत नजर न्यायची सवयच नसते. पहिलं अक्षर चिठ्ठीनं झाकलं की नजर आपोआप पुढे सरकते.

अनुस्वाराचे शब्द आणि क्ष, ज्ञ इतक्यात नकोत. शब्दकोशांतही त्यांची जागा सगळीकडे एक नाही.

उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर पाण्यात बुडवलेल्या ब्रशानं अक्षरं लिहायची. ती भराभर वाळतात, तेव्हा ‘ड’ लिहीपर्यंत ‘ट’ गेलेला असतो आणि मागचं अक्षर डोक्यात धरावं लागतं. एका वेळी एकच घर, पाच अक्षरं. ब्रश जाड असेल तर पाणी ओघळून ‘ढ’चा पोटातला भाग भरतो, बोटाएवढा ब्रश घ्यावा आणि बुडवल्यावर भांड्याच्या काठावर निथळून घ्यावा.