पेसमेकर बसवला, तरी धडधड का होते? माझा अनुभव

मला पेसमेकर बसवला तो हार्ट ब्लॉकसाठी. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचत नव्हता. नाडी 35 वर आली होती आणि वावरात कपाशीला पाणी देताना चक्कर येऊन पडलो होतो. नागपूरला दोन तारांची मशीन बसवली. चक्कर थांबली ती थांबलीच.

पण गावी यवतमाळ जिल्ह्यात परतलो, हिंडू-फिरू लागलो आणि धडधड सुरू झाली. मग काय, अख्ख्या गावानं निदान केलं. कोणाच्या मते तार सरकली, कोणाच्या मते सेल कमजोर निघाला. शेजारच्या काकू आमच्या हिला म्हणाल्या, "काऊन वं, नवीन मशीन आन् तरी धडधड? बदलून नाही देत का ते?" तालुक्याच्या एका डॉक्टरांनी गॅसची गोळी लिहून दिली. ती खाऊन गॅस गेला असेल तर असो, धडधड काही गेली नाही.

सून म्हणाली, "बाबा, नुसतं धडधडते म्हणून डॉक्टरला काय कळणार? कधी होते, काय करत होते, नाडी किती होती, लिहून ठेवा." तिनंच एक वही दिली. कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात पडून होतं, तेही काढलं. थोड्याच दिवसांत वहीत दोन वेगळ्या गोष्टी दिसायला लागल्या. एक धडधड बैलबंडीत बसल्यावर किंवा पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून पांदण रस्त्यानं जाताना व्हायची. एकसारखी, जलद, खाली उतरून बसलं की हळूहळू कमी व्हायची. दुसरी रात्री डाव्या कुशीवर निजल्यावर. ती जलद नव्हतीच. एक ठोका चुकल्यासारखा वाटायचा आणि मागून छातीत जोराचा दणका. अशाच एका रात्री ऑक्सिमीटरनं नाडी दाखवली 44. मशीन तर 60 वर लावली होती, म्हणजे नाडी त्याखाली जायलाच नको! त्या रात्री मला झोप आली नाही, घरच्यांनाही नाही. पण चक्कर नव्हती, दम लागत नव्हता, छातीत दुखत नव्हतं, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. यातलं एक जरी असतं तर रात्रीच गाडी काढली असती. डॉक्टरांनी घरी सोडतानाच तसं बजावलं होतं, आणि जखम सुजली, लाल झाली किंवा ताप आला तरी लगेच या, असंही.

नागपूरला टेक्निशियननं हातापायाला ईसीजीच्या तारा लावल्या आणि मशीनच्या वर छातीवर एक चपटा तुकडा ठेवला. समोरच्या पडद्यावर आतली सगळी नोंद आली. मशीन ठोके नुसते देत नाही, लिहूनही ठेवते, हे मला तिथं कळलं. "काका, आता जरा धडधडल्यासारखं वाटेल, घाबरू नका," म्हणत त्यानं गती वाढवून पाहिली. तारा जागेवर होत्या, सेल चांगला होता. मग मी वही पुढे केली. बंडीचं वाचून तो हसला आणि मशीनवरच्या कातडीवर बोटानं टकटक केलं. पडद्यावरचा आकडा चढायला लागला.

भानगड अशी होती की माझ्या मशीनमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. माणूस चालला, राबला, की ठोके वाढवायचे, हे त्याचं काम. बंडीत मी बसलेला असतो, पण हादऱ्यानं मशीनला वाटतं गडी कामाला लागला. टेक्निशियननं सेन्सर थोडा मंद केला आणि मला व्हरांड्यात चालायला लावून पाहिलं. चिरफाड नाही, सुई नाही.

रात्रीचं डॉक्टरांनी समजावलं. खालच्या कप्प्यात मधेच एखादा ठोका वेळेआधी पडतो. हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून त्याचा रेटा मनगटापर्यंत किंवा बोटापर्यंत येत नाही. मशीन मात्र तो ठोका धरते आणि तिथून पुढे वाट पाहते. म्हणजे ईसीजीवर ठोके पुरे, बोटाला कमी. मधल्या वेळात हृदय जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका दणका देतो. 44 चा उलगडा झाला तेव्हा आमची ही पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली.

नोंदीत आणखी एक सापडलं, जे मला जाणवलंही नव्हतं: वरचे कप्पे अधूनमधून थोडा वेळ फारच जलद आणि बेताल चालत होते. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हे वाढलं तर आत रक्ताची गाठ होऊन लकवा मारू शकतो, मग रक्त पातळ करायची गोळी लागते. माझे झटके अगदी लहान, म्हणून सध्या नुसती नजर ठेवायची ठरलं. डॉक्टर म्हणाले, "पेसमेकर हळू चालणाऱ्या हृदयाला सांभाळतो. जास्तीचे ठोके तो थांबवत नाही." हे वाक्य ऑपरेशनच्या दिवशीच कोणी सांगितलं असतं तर गावाला इतकं डोकं चालवावं लागलं नसतं.

मेटोप्रोलोलची लहान गोळी सुरू केली. ही गोळी ठोके मंदावते, त्यामुळे आधीच्या 35 च्या नाडीत ती देताच आली नसती. आता खालून मशीनचा आधार आहे, म्हणून चालते. रात्रीचे दणके बरेच कमी झाले, पूर्ण गेले नाहीत. बंडीत आता धडधडत नाही.

जाताजाता रानडुकरांसाठी धुऱ्यावर लावलेल्या झटका मशीनचं, म्हणजे विजेच्या कुंपणाचं, विचारलं. तारेला हात लावायचा नाही, जवळ रेंगाळायचं नाही, ते काम पोरानं करायचं. मोबाइल डावीकडच्या खिशात नको, मशीनपासून वीतभर तरी लांब. पुढची तपासणी नेमकी कापूस वेचणीत येत होती, ती विनंती करून थोडी आधीची घेतली.