पहिला अल्बम, नोंद पाचवी: आवाज कानाजवळ आणताना

आजची स्थिती: दहा गाणी, एकूण ३६ मिनिटं. ठेका आणि बेस दहाही गाण्यांचे पूर्ण, गिटार आठ गाण्यांची, गायन सहा गाण्यांचं. मिक्सला, म्हणजे सगळे आवाज एकत्र तोलून बसवण्याला, अजून हात लावलेला नाही.

इंडी पॉपचा (छोट्या, स्वतंत्र बँडांच्या पॉपचा) चांगला पहिला अल्बम ऐकताना गाणारा शेजारी बसून गातोय असं वाटतं. हे जवळपण मिक्समध्ये नंतर घालता येत नाही, ते रेकॉर्डिंगलाच पकडावं लागतं. आणि त्याला जागा हवी, म्हणून बाकीची वाद्यं आधीच कमी ठेवावी लागतात. वेल्समधल्या कार्डिफच्या यंग मार्बल जायंट्स या बँडने १९८० मध्ये हे फार सुंदर करून दाखवलं. त्यांच्याकडे ड्रमर नव्हता. ड्रम मशीनचा ठेका कॅसेटवरून वाजायचा, त्यावर गिटार, बेस, ऑर्गन आणि बोलल्यासारखा साधा आवाज. या अल्बमसाठीही तसाच नियम ठरलाय: अंतऱ्यात एका वेळी चार गोष्टी, मुखड्यात पाच. सहावी हवीशी वाटली तर आधीची एक काढायची.

आता गायन, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. माइक तोंडापासून १२ ते १५ सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे ‘प’सारख्या अक्षरांची फुंकर अडवणारी जाळी. पहिल्या तीन गाण्यांत तो ३० सेंटिमीटरवर होता आणि गळ्यासोबत खोलीही रेकॉर्ड झाली. नुसतं ऐकताना हे कळत नाही. आवाजाचे चढउतार कमी करणारा कॉम्प्रेसर मोठे भाग दाबतो, मग एकूण पातळी वर उचलली जाते आणि भिंतींवरून परतलेला आवाज उघडा पडतो. ती तिन्ही गाणी पुन्हा घेतली. भिंतींवरून परतणारा आवाज शोषायला रजया टांगतानाही एक चूक नेहमी होते. कार्डिऑइड माइकला पाठीमागचं कमी ऐकू येतं. त्याला ऐकू येते ती समोरची बाजू, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठची भिंत. त्यामुळे पहिली जाड रजई गाणाऱ्याच्या मागे, माइकच्या मागची नंतर.

इतक्या जवळून गायलं की २०० हर्ट्‌झच्या खालचा भाग फुगतो. ९० हर्ट्‌झला हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) आणि २०० च्या आसपास २ ते ३ डीबी (डेसिबल) कमी, एवढं पुरतं. ती ऊब सगळी काढू नका, जवळपण तिच्यातच आहे. कॉम्प्रेसरचं प्रमाण ३:१, सगळ्यात मोठ्या शब्दांवर ५ डीबी दाबेल इतकाच.

दुहेरी आवाज, म्हणजे तीच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवलेली, फक्त मुखड्यात. १९६६ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड यांनी टेप मशीन वापरून कृत्रिम दुहेरी आवाजाची युक्ती काढली, कारण बीटल्सना तीच ओळ पुन्हा गाणं नको असायचं. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधले आजचे प्लगइन तेच काम सोयीने करतात, पण खऱ्या दुसऱ्या टेकमध्ये (पुन्हा गाऊन केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये) सूर आणि वेळ शब्दागणिक जरा जरा हलतात, आणि कानाला ते हलणंच आवडतं. म्हणून इथे सगळे टेक खरे आहेत. दुसरा टेक पहिल्यापेक्षा ८ डीबी खाली. त्यात शब्दाच्या शेवटचे ‘त’, ‘क’, ‘स’ जवळजवळ गिळायचे. दोन्ही टेकमध्ये ते स्पष्ट आले तर प्रत्येक शब्दाच्या टोकाला दोन ठोके पडतात, आणि ते कापत बसण्यात संध्याकाळ जाते.

गिटारची खणखण दोन टेकमधून येते. डावीकडे सी स्केलचे उघडे कॉर्ड, उजवीकडे पाचव्या पट्टीवर केपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जीचे आकार: जी, ई मायनर, सी, डी. ऐकू येतात सी, ए मायनर, एफ, जीच, पण तारा वेगळ्या उंचीवर वाजतात, म्हणून आवाज रुंद होतो. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंदी येत नाही, नुसती पातळी वाढते. कॉपी १५ मिलिसेकंद सरकवली तर हेडफोनवर छान वाटते, पण फोनच्या एका स्पीकरवर दोन्ही मिसळून काही स्वर खातात आणि गिटार पत्र्यासारखी वाजते. कोरस पेडलचा (गिटारचा स्वर हलका डोलवणाऱ्या पेडलचा) वेग मंद, परिणामाची खोली कमी, तोही फक्त एका बाजूला. केपो लावल्यावर तारा किंचित चढतात, तेव्हा पुन्हा ट्यूनिंग केल्याशिवाय टेक घेऊ नका.

सगळी गिटार मागे रेंगाळतेय असं वाटत होतं. वाजवण्यात दोष सापडेना. मग इंटरफेसच्या (माइक आणि गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या) आउटपुटमधून केबल थेट इनपुटला लावून एक क्लिक रेकॉर्ड केला. तो मूळ क्लिकपेक्षा २१२ सॅम्पल (डिजिटल रेकॉर्डिंगमधली आवाजाची एकेक नोंद) उशिरा आला, म्हणजे ४८ किलोहर्ट्‌झला ४.४ मिलिसेकंद. सॉफ्टवेअरमध्ये तेवढी भरपाई भरली आणि आठही गाणी जागेवर बसली. ही तपासणी पहिल्याच दिवशी करायला हवी. इंटरफेसचा बफर (आवाज क्षणभर साठवण्याची जागा) किंवा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) बदलला की पुन्हा.

गाण्यांचा क्रम मात्र आताच ठरवला, कारण रेकॉर्ड काढायची आहे. प्रत्येक बाजूला पाच गाणी, १८ मिनिटं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या १२ इंची रेकॉर्डवर बाहेरच्या खाचेत सुई सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चालते, सगळ्यात आतल्या खाचेत जेमतेम २१. तिथे ‘स’ आणि खंजिरी खरखरतात. म्हणून खंजिरीची दोन वेगवान गाणी प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला गेली. पहिली बाजू ऑर्गन आणि एकाच आवाजाच्या गाण्यावर संपते. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात खंजिरी आहे. ती काढून ठेका मऊ काठ्यांनी पुन्हा घ्यायचा आहे, उरलेल्या चार गाण्यांच्या गायनाआधी.