टक्कल मानेवर, दुखणं मडक्यात

बुटाच्या खोक्यातून आणलेली झेब्रा फिंच या चिमुकल्या पाळीव पक्ष्याची मादी डोक्यापासून मानेच्या मुळापर्यंत उघडी होती. सोबत आजोबा आणि नात. मोल्टिंग, म्हणजे पिसं बदलणं, असेल असं त्यांना वाटत होतं, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या जागी चार दिवस खोबरेल चोळलं होतं. तेलाने आजूबाजूची पिसं चिकटली होती. पिसांत हवा धरली जाते म्हणून पक्षी उबेत राहतो. ती सोयच गेलेली. पण अशक्त पक्षी भिजवणं जास्त धोक्याचं, म्हणून तेल धुवायला गेलो नाही.

आधी वजन. ०.१ ग्रॅमच्या काट्यावर १०.४ ग्रॅम. झेब्रा फिंच साधारण १२ ते १५ ग्रॅमची असते. मग पाठ तळव्याला, मान दोन बोटांच्या मधे आणि छाती पूर्ण मोकळी, असं धरलं. छाती दाबली गेली तर पक्ष्याला श्वासच घेता येत नाही. पिसांवर फुंकर मारली तर छातीचं हाड धारेसारखं वर आलेलं.

उघडी कातडी मात्र स्वच्छ होती. खपली नाही, सूज नाही. मोल्टिंगमध्ये पिसं थोडीथोडी गळतात आणि मागून नवी येतात, असं सलग टक्कल पडत नाही. शिवाय डोक्याला आणि मानेला पक्ष्याची स्वतःची चोच पोचतच नाही. म्हणजे उपटणारा दुसराच कुणी. दीड फुटी पिंजऱ्यात सहा पक्षी, घरट्यासाठी दोन मडकी आणि अंथरायला नवा काथ्या संपलेला. अशा वेळी फिंच सोबत्यांची पिसं ओढून घरट्यात अंथरतात.

टक्कल उलगडलं, पण नुसत्या उपटण्याने पक्षी इतका खंगत नाही. मादीची चोच केशरी हवी, हिची फिकट पिवळी. तोंडाच्या आतही पांढुरकं, म्हणजे रक्त कमी.

"रात्री पिंजऱ्यात गडबड असते का गं?"

"हो, झोपतच नाहीत नीट. आणि मागच्या महिन्यात पिल्लं मडक्यातच मेली."

लाल माइटचा संशय इथेच आला. हा किडा दिवसा पक्ष्यावर सापडत नाही. मडक्याच्या तळाशी, दांडीच्या टोकांत, तारांच्या जोडात लपतो आणि अंधारात रक्त प्यायला बाहेर येतो. १० ग्रॅमच्या पक्ष्यात रक्त जेमतेम १ मिली, त्यामुळे थोडं गेलं तरी पुष्कळ. पिंजऱ्यावर पांढरं कापड टाका, दिवे घालवा आणि दोन तासांनी टॉर्च मारा, असं सांगितलं. रात्री फोन आला: "डॉक्टर, खसखशीएवढे लाल ठिपके चालतायत." कागदावर चिरडले तर लाल डाग पडला.

दुसऱ्या दिवशी सहाही पक्ष्यांच्या मानेमागे कातडीवर पातळ केलेलं आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारं औषध लावलं, १४ दिवसांनी पुन्हा. मात्रा किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे या मादीला फक्त २ मायक्रोग्रॅम. जनावरांच्या १ टक्का इंजेक्शनच्या एका थेंबात सुमारे ५०० मायक्रोग्रॅम असतात, जवळजवळ अडीचशे पट. घरच्या घरी थेंब टाकू नका, हे मी कळकळीने सांगतो ते याचसाठी.

औषधाइतकंच काम पिंजऱ्याचं होतं. मडकी आणि त्यांतला जुना काथ्या घराबाहेर, लाकडी दांड्या जाळून टाकल्या, लोखंडी पिंजऱ्याच्या प्रत्येक जोडावर उकळतं पाणी. दर पाच दिवसांनी, तीन वेळा. कारण उष्ण हवेत अंड्यापासून नवा माइट आठवड्यात तयार होतो.

मादी वेगळी ठेवली. एका बाजूला बाहेरून बल्ब, तिथे ३० अंश, दुसरी बाजू थंड, म्हणजे तिला हवं तिथे बसता येतं. तिने पाठोपाठ तीन विणी काढल्या होत्या. एक अंडं साधारण १ ग्रॅमचं, एका खेपेला पाच. दर खेपेला जवळजवळ निम्मं अंग अंड्यांत गेलेलं, आणि खायला नुसती कांग. आता कांगेसोबत उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून अर्धा चमचा, बारीक कोथिंबीर आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस. अंड्याचा उरलेला घास दोन तासांत काढायचा, आपल्या उकाड्यात तो लगेच नासतो.

दहाव्या दिवशी ११.५ ग्रॅम. चौथ्या आठवड्यात मानेवर नव्या पिसांचे काटेरी कोंब, चोचीत रंग.

पिंजरा मात्र जुन्या जागी परत ठेवू दिला नाही. तिथल्या भिंतीला भेग होती, आणि लाल माइट रक्ताशिवायही कित्येक महिने जगतो. आधी भेग सिमेंटने बुजवून घ्यायला सांगितली.